वळणावर गाणारी गाडी

मी एका जुन्या गाडीचे स्टिअरिंग आहे. अख्खी गाडी नव्हे, नुसते स्टिअरिंग. पण गाडीची गोष्ट सांगायचा मान माझाच आहे, असे मला वाटते. टायरांना फक्त रस्ता कळतो. आरशांना मागचे तेवढे दिसते. दिव्यांना अंधार पडल्याशिवाय कोणी विचारत नाही. माणूस मात्र बसल्याबरोबर मला धरतो, आणि मला धरले आहे हेच विसरून जातो. मग त्याचे हात माझ्याशी असे काही बोलतात, जे त्याने तोंडाने कोणाला सांगितले नसते. हात बघून भविष्य सांगणारे लोक असतात म्हणे. मला भविष्यातले काही कळत नाही, पण हातांच्या मालकाचा दिवस कसा गेला हे मी पहिल्या वळणाच्या आत ओळखतो.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी मी नुसते लोखंडी कडे होतो. मग मला साच्यात घातले आणि माझ्या अंगावर काळा, मऊ थर चढवला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी अजून कोमट होतो. एका बाईने मला फडक्याने पुसले, खिडकीच्या उजेडात धरले आणि हळूहळू फिरवून बघितले. मी आयुष्यात पहिल्यांदा फिरलो तो असा, हवेत, कुठेच जायचे नसताना. कुठे ओरखडा नाही हे बघून ती शेजारणीला म्हणाली की हे छान उतरले आहे. मला ते अजून आठवते. आपले कौतुक कोण विसरतो?

पुढे मला गाडीत बसवले तेव्हा माझी पंपाशी ओळख झाली. त्याची ओळख तुम्हालाही करून दिली पाहिजे, कारण माझ्या गोष्टीतले बरेचसे दुःख त्याचे आहे. गाडीची पुढची चाके वळवणे हे जड काम. ते एकट्या माणसाच्या हाताने करायचे म्हणजे नाकी नऊ येतात. म्हणून बॉनेटखाली एक छोटा पंप असतो. त्याला तेल लागते. माणसाने मला जरा वळवले की पंप तेलाचा जोर लावतो आणि चाके अलगद वळतात. माणसाला वाटते, आपले मनगट काय जोरदार आहे. माझी वाहवा होते, आणि पंप तिथे काळोखात, इंजिनाच्या पट्ट्याच्या ओढीने गरगरत राबत असतो. त्याचे नाव कोणी घेत नाही. खरे सांगायचे तर मीही घेत नसे.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा. दिवसभर लोकांच्या तोंडात जपून काम करून त्यांचे हात इतके अलवार झाले होते की ते मला एका बोटाने फिरवत. शेजारी कोणी बसले की ते मुद्दाम ते बोट उंच करून दाखवत आणि म्हणत, बघा, लोण्यासारखे फिरते. त्यांनी मला कातडी कव्हर शिवून घेतले. दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत. बॉनेट मात्र ते क्वचितच उघडत. पंपाच्या नळीला कधीतरी बारीक चीर पडली आणि तिच्यातून तेल पाझरू लागले, हे त्यांना कळलेही नाही. मग त्यांना नवी गाडी घ्यावीशी वाटली, आणि मी जुन्या गाड्यांच्या मैदानात येऊन पडलो.

मैदानातले दिवस मला सलग आठवत नाहीत. तिथे आम्ही ओळीने उभे होतो, काचांवर धूळ, टायरांत हवा कमी. ऊन सरळ माझ्या अंगावर यायचे. कव्हर तडकले. माझ्या आणि वायपर चालू करायच्या दांडीच्या मधे एका कोळ्याने जाळे विणले. तो तिथे निवांत राहिला, कारण मी हलणारच नव्हतो. दुपारी सगळ्या गाड्या आतून तापल्या की मला गुंगी यायची आणि एकच स्वप्न पडायचे. स्वप्नात रस्ता एका बाजूला वळत असायचा आणि वळतच राहायचा, आणि माझ्यावर कोणाचे तरी हात असायचे, पण ते कोणाचे हे वर बघूनही दिसायचे नाही. जाग आली की तोच कोळी आणि तीच धूळ.

एके दिवशी विक्रेत्याने घाईघाईने काचा पुसल्या, बॉनेट उघडून पंपाच्या डब्यात तेल ओतले आणि जाळे झटकून टाकले. गिऱ्हाईक येणार होते. नळीची चीर त्याला दिसली असणार, पण त्याने तिच्याकडे कानाडोळा केला. तेल नवे होते तोवर मी पूर्वीसारखाच हलका फिरत होतो.

गिऱ्हाईक म्हणजे एक बाई. तिने मला दोन्ही हातांनी धरले आणि मी लगेच ओळखले, ही शिवणकाम करते. डाव्या हाताच्या बोटाचे टोक सुईने टोचून टोचून खरखरीत झाले होते. पुढे कळले की ती पडदे शिवते. पडदे वजनदार असतात आणि तिच्या खांद्यांत ते सगळे वजन साठले होते. तिने मला इकडून तिकडे फिरवले आणि एक लांब श्वास सोडला. हलके आहे, जमेल मला, असे ती स्वतःशीच म्हणाली. शेजारच्या सीटवर तिने तिच्या वडिलांना बसवले होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

हे वडील म्हणजे त्या गावातले पियानो जुळवणारे. घराघरांतले, शाळांतले, सभागृहांतले पियानो त्यांच्या हाताखालून गेले होते. लोक त्यांना सूरवाले म्हणत. पण एका सकाळी दाढी करता करता त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि त्याबरोबर वाचाही गेली. सगळे ऐकू यायचे, सगळे समजायचे, पण तोंडातून आवाज म्हणून निघत नव्हता. हे मला कसे कळले? गाडीत मुलगी तिच्या मावशीशी फोनवर बोलायची. गाडीत बोललेले बाहेर कोणाला ऐकू जात नाही असे लोकांना वाटते, आणि मी काय, मी घरचाच.

मावशीला तिने सांगितलेले एक बोलणे माझ्या मनात राहिले. गावाच्या खालच्या अंगाला, तळ्याकाठी, बोलणे पुन्हा शिकवणारे एक केंद्र होते. तिथल्या बाईंनी तिला बजावले होते की माणसाचे बोलणे गेले तरी कधी कधी सूर मागे राहतो; त्या वाटेने शब्द परत येऊ शकतात. पण आवाज आता फुटायला हवा. जितका उशीर होईल तितके ते अवघड होईल. म्हणून बाबांना रोज केंद्रात न्यायचे होते, आणि त्यासाठीच ही गाडी, त्यासाठीच मी.

त्यांचे घर वरच्या वस्तीत होते. तिथून तळ्यापर्यंतचा रस्ता डोंगराच्या अंगाने वळणे घेत उतरायचा. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढी दगडी भिंत आणि तिच्यापलीकडे मोकळी हवा. सकाळचे धुके अजून तळ्यावर असायचे. मुलगी गाडी सावकाश उतरवायची. बाबा गप्प. केंद्रातही गप्प, येताना गप्प. मुलीच्या हातांतली पकड दिवसेंदिवस घट्ट होत गेली, आणि मला तिची काळजी वाटू लागली.

मग तेल हळूहळू कमी झाले आणि पंप कण्हू लागला.

आधी अगदी बारीक. मी सरळ असलो की काही नाही, पण वळण आले, मुलीने मला फिरवले की बॉनेटखालून एक लांब, हुंकारासारखा आवाज निघायचा. वळण जितके मोठे तितका आवाज लांबायचा, आणि मी सरळ झालो की विरून जायचा. मुलीने दोन-तीन दिवस तो ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी, जांभळाच्या झाडापाशी जे मोठे वळण आहे तिथे, पंपाने हुंकार दिला आणि शेजारच्या सीटवरून तसाच दुसरा हुंकार आला.

मुलीचे हात माझ्यावर थिजले. बाबांचे तोंड मिटलेले होते, डोळे अर्धवट मिटलेले, आणि ते गुणगुणत होते. पंपाचा सूर चढला तसा त्यांचा चढला. तो उतरला तसा त्यांचाही उतरला. इतका तंतोतंत की दोन आवाज वेगळे काढता येऊ नयेत. वळण संपले, ते दोघे एकदमच थांबले. मुलीने गाडी कशीबशी पुढे नेली, कडेला घेतली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवून नुसती बसून राहिली. तिचे तळवे गार पडले होते. मग ती हसू लागली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते. रोज आम्ही धुक्यातून उतरायचो आणि वळणावळणाला गायचो. केंद्रातल्या बाई खूश झाल्या. असेच चालू ठेवा, त्यांना जितके गुणगुणता येईल तितके गुणगुणू द्या, असे त्या म्हणाल्या. मग काय, मुलीने मनावरच घेतले. खाली चौकात एक कारंजे होते. ती त्याच्याभोवती फेऱ्याच मारायला लागली. गोल फिरताना मी सतत वळलेला, पंप सतत गात असलेला, आणि बाबा त्याच्या सुरात सूर मिळवून डोलत बसलेले. चौकातला पोलीस आधी चिडला, मग चक्रावला, आणि शेवटी आम्ही दिसलो की शिट्टी तोंडातून काढून नुसता बघत बसायचा. घरी आल्यावरही ती लगेच उतरायची नाही. गाडी दाराशी उभी, इंजिन चालू, आणि ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवते आहे. गाडी तसूभर हलत नाही आणि आत मैफल भरलेली आहे.

उभ्या गाडीत स्टिअरिंग असे टोकापर्यंत पिळत राहणे म्हणजे पंपाचा जीव काढणे. त्याची थरथर माझ्या खालच्या दांड्यातून वर चढून माझ्या अंगात यायची. तो गात नव्हता. त्याचा घसा कोरडा पडत चालला होता आणि म्हणून त्याचा सूर रोज थोडा थोडा वर जात होता. बाबाही त्याच्यामागे रोज थोडे वर जात होते, आणि मुलीला वाटत होते की बाबांची प्रगती होते आहे. मला हे सगळे कळत होते, पण सांगणार कसा? माझ्या पोटात हॉर्न आहे हे खरे, पण तो दुसऱ्याने दाबायचा असतो.

टायरात हवा भरायला आम्ही मिस्त्रीकडे गेलो तेव्हा त्याने आवाज ऐकला. हा मिस्त्री जाडजूड, गप्पिष्ट, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने बॉनेट उघडायला लावले, खाली वाकून बघितले आणि म्हणाला, "ताई, तेल गळतंय. पंप कोरडा पडत चाललाय. गाडी आज ठेवून जा."

"दुरुस्त केलं की हा आवाज जाईल?" तिने विचारले.

"जाणारच की. त्यासाठीच तर करायचं."

तिने शेजारी बघितले. बाबा मिस्त्रीच्या दुकानातल्या टांगलेल्या पट्ट्यांकडे बघत होते. "मग राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बघू."

मिस्त्रीला वाटले तिला खर्च नको आहे. तो म्हणाला, पैशाचे नंतर बघू, पण उतारावर राहता तुम्ही. तिने मान हलवली आणि मला वळवून बाहेर काढले. बाबा गुणगुणले. तिच्या हातांत मला त्या दिवशी दोन गोष्टी एकदम जाणवल्या, भीती आणि हट्ट. तो पुढचा आठवडा काही आला नाही. तुम्ही तिला दोष द्याल. मी देत नाही. ज्या आवाजासाठी ती इतके दिवस जिवाचे रान करत होती, तो एका मोडक्या पंपाला बांधलेला होता. पंप बरा झाला आणि बाबा पुन्हा गप्प झाले तर? केंद्रातल्या बाईंचे शब्द तिच्या कानात होते. उशीर झाला तर अवघड होईल.

मग एका सकाळी धुके जास्त दाट होते. आम्ही नेहमीसारखे उतरत होतो. जांभळाच्या वळणाशी तिने मला फिरवायला घेतले आणि पंप गायला लागला, पण तो सूर नव्हताच, ती किंकाळी होती. बाबांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. तेवढ्यात नळी फाटली. उरलेसुरले तेल रस्त्यावर सांडले, पंपाचा आवाज बंद झाला आणि मी जिथे होतो तिथेच जड झालो.

जड म्हणजे किती जड, हे तुम्हाला कसे सांगू? मी तोच होतो. माझ्या अंगात एक गुंजही वाढली नव्हती. पण इतकी वर्षे जे वजन पंप गुपचूप उचलत होता ते सगळे एकदम त्या दोन हातांवर आले. तिला वाटले मी अडकलो. मी अडकलो नव्हतो, जोर लावला असता तर वळलो असतो, पण हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. तिने मला ओढले, मी थोडासा हललो, आणि गाडी वळण सोडून भिंतीच्या दिशेने जाऊ लागली. भिंतीपलीकडे पांढरे धुके होते, त्यात एक पक्षी निवांत तरंगत होता. मला मैदानातले स्वप्न आठवले, माझ्यावर हात तसेच, पण इथे रस्ता मात्र संपलेला. तिने ब्रेक दाबला. गाडी भिंतीपासून जेमतेम हातभर अंतरावर, रस्त्यात आडवी होऊन थांबली.

जिवात जीव यायलाही सवड मिळाली नाही. खालून, धुक्यातून, एक बस घरघरत चढत होती. ती दिसत नव्हती आणि तिलाही आम्ही दिसणार नव्हतो. बाबांना उतरवून बाजूला न्यायला वेळ नव्हता, त्यांचे एक पाऊल उचलायलाच किती वेळ लागायचा. गाडीच हलवायला हवी होती. वळण संपते तिथे आतल्या बाजूला थोडी मोकळी जागा होती. तिने ब्रेकवरचा पाय किंचित सैल केला. गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली, आणि ती दोन्ही हातांनी, खांद्यांनी, सगळ्या अंगाने मला ओढू लागली. मी वळत होतो, पण पुरेसा नाही. भिंत जवळ येत होती.

तेव्हा माझ्यावर तिसरा हात पडला.

मित्रांनो, तो हात मी त्याआधी कधीच अनुभवला नव्हता. बाबांनी अंगाला पीळ देऊन आपला धडधाकट डावा हात माझ्यापर्यंत आणला होता. म्हातारा, हाडांचा, बोटे लांब, पण मनगटात अशी ताकद की मी चकित झालो. आयुष्यभर पियानोच्या ताठ तारा पिळून जागेवर आणणारा हात होता तो. किती ओढायचे आणि कुठे थांबायचे हे त्याला विचारावे लागत नव्हते. मुलगी हिसके देत होती, तो हिसका देत नव्हता. एकसारखा, न सोडता ओढत होता. तिच्या हातांनाही ते कळले असावे, कारण तिने हिसके थांबवले आणि ती त्याच्याबरोबर ओढू लागली. मी वळलो. गाडीचे नाक भिंतीला घासून निघाले, थोडा रंग दगडावर राहिला, आणि आम्ही त्या मोकळ्या जागेत शिरलो. बस बाजूने वर गेली. तिच्या खिडकीत डोके टेकवून झोपलेली माणसे मला दिसली.

मुलीने इंजिन बंद केले आणि माझ्यावर कपाळ टेकले. तिचे अश्रू माझ्या तडकलेल्या कातड्यात मुरले.

"मिस्त्रीने सांगितलं होतं मला, बाबा," ती म्हणाली. "मीच नाही म्हटलं. आवाज गेला तर तुम्ही पुन्हा गप्प व्हाल, अशी भीती वाटली."

बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना काही म्हणायचे होते, ओठ हललेही, पण आवाज आला नाही.

मिस्त्रीने दोर लावून आम्हाला ओढून नेले. त्याने तिला 'मी सांगितलं होतं ना' वगैरे ऐकवले नाही. फाटलेली नळी तेवढी हातात धरून दाखवली आणि नवी घालायला घेतली. पंपही आतून खरवडला गेला होता, तोही बदलायला लागणार होता. तेव्हा मुलीने त्याला जे विचारले ते त्याला त्याच्या अख्ख्या धंद्यात कोणी विचारले नसेल. सगळे नवे घाला, पण आवाज तेवढा ठेवता येईल का? मग तिने त्याला बाबांचे सांगितले. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

"ताई, आवाज ठेवायचा म्हणजे दुखणं ठेवायचं," तो म्हणाला. "ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

माझा जुना सोबती असा गेला. त्याला एका पत्र्याच्या पिंपात टाकताना मी बघितले. इतकी वर्षे त्याने माझे वजन उचलले आणि मी त्याला एकदाही बरा आहेस का म्हणून विचारले नव्हते. नवा पंप निमूटपणे काम करतो. मी पुन्हा एका बोटाने फिरू लागलो, आणि गाडीत एवढी शांतता झाली की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

पहिल्या दिवशी जांभळाच्या वळणाशी बाबांनी डोके किंचित कलते केले आणि वाट बघितली. वळण आले आणि गेले. त्यांनी मुलीकडे बघितले, मग बॉनेटकडे, आणि मग तोंड खिडकीकडे फिरवले. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे त्यांनी डोके कलते करणेही सोडले. केंद्रातल्या बाईंचा चेहरा पडला. एके सकाळी तर बाबांनी गाडीत बसायलाच नकार दिला, दाराची कड धरून उभे राहिले. मुलीने कसेबसे समजावून त्यांना बसवले. मावशीला ती फोनवर म्हणाली की मी हात टेकले आता. आणि खरोखरच तिचे हात माझ्यावर नुसते टेकलेले होते, त्यांत पकड नव्हतीच.

त्या दिवशी आम्ही उतरायला लागलो. पहिले वळण आले. आणि मुलगी गुणगुणली.

मित्रांनो, मला सुरातले फारसे कळत नाही, पण ते भयंकर होते. सूर जुळवणाऱ्याची मुलगी, आणि सुराशी तिचे उभे वैर. ती गुणगुणली म्हणजे पंपासारखा आवाज काढायला गेली आणि मधेच कुठेतरी घसरली. लाजली, पण थांबली नाही. दुसऱ्या वळणाला पुन्हा. हा आवाज आणखी वेगळीकडे गेला. बाबांच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या वळणाला त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, दात दुखत असल्यासारखे. मला वाटले, बाई, पुरे कर. माझे पहिले मालक असते तर त्यांनी भूल दिली असती. पण तिचे तळवे घामेजलेले होते आणि ती ऐकायला तयार नव्हती.

जांभळाचे वळण आले. तिने मला वळवले, श्वास घेतला आणि तो वेडावाकडा सूर लावला. तेवढ्यात तिच्या मनगटावर तो लांब बोटांचा डावा हात आला.

"वर," बाबा म्हणाले.

तिने गाडी थांबवली नाही. मला वाटते तिला श्वास सोडायचीही भीती वाटत होती. तिने सूर थोडा वर नेला.

"खाली." आवाज जाडाभरडा होता, गंजलेल्या बिजागरीतून निघाल्यासारखा. ती खाली आली, जास्तच खाली आली. बाबांनी जोरात मान हलवली. त्यांचा जबडा शब्द शोधत हलत होता, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर जोर लावत होतो.

"आधी," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "ऐक." आणि त्यांनी स्वतः सूर लावला, गाडीत दुसरा कुठलाच आवाज नसताना, अगदी नेमका. ती रडत रडत त्याच्या मागे गेली, तरी चुकली, आणि त्यांनी पुन्हा तिला अडवले. तळ्यापर्यंतच्या प्रत्येक वळणाला ते तिच्यावर रागावत होते.

आता मी फार जुना झालो आहे. कातडे निघून गेले आहे, खालचा काळा थरही गुळगुळीत झाला आहे. बाबांचे शब्द परत आले ते एकेक करून, त्यातले निम्मे मुलीच्या गाण्याला नावे ठेवणारे. आम्ही अजून रोज उतरतो. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. गाडी कण्हायला लागली तर ते कितीही गोड वाटो, तिला त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या. जो मुकाट्याने तुमचे वजन उचलतो आहे त्याला वेळेवर तेल घाला. आणि घरातले एखादे माणूस गप्प झाले तर त्याच्यासाठी मोडकी वस्तू जपून ठेवत बसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि स्वतः गुणगुणा. सूर चुकला तरी चालेल. तुमची चूक सुधारायला तरी ते तोंड उघडेल.